लायनरच्या कामावर पहिल्यांदाच निघालात? आधी थर्मामीटर घ्या

लँडफिलच्या, म्हणजे कचरा पुरायच्या जागेच्या, तळाशी लायनर (अस्तर) म्हणून अंथरायच्या काळ्या एचडीपीई प्लास्टिकच्या शीटचा रोल साइटवर उतरतो, तेव्हा त्याच्यासोबत टेस्ट सर्टिफिकेट येतं. १.५ मिमी जाडीच्या गुळगुळीत शीटसाठी त्यात किमान असे आकडे लागतात: यील्डला (शीट कायमची ताणली जायला लागते तिथे) मीटरमागे २२ किलोन्यूटन, तुटताना ४०, यील्डपर्यंत १२ टक्के लांबी वाढायला हवी, तुटेपर्यंत ७०० टक्के. नवा इंजिनिअर ते फाइलला लावतो आणि निर्धास्त होतो. पण हे आकडे प्रयोगशाळेत, २३ अंश सेल्सिअसच्या आसपास काढलेले असतात. एप्रिलमध्ये पुण्याबाहेरच्या उघड्या माळावर दुपारी दोन वाजता तीच शीट सत्तर अंशांपर्यंत तापलेली असते. सर्टिफिकेटवरची ताकद त्या वेळी तिच्यात नसते.

नव्याने साइटवर येणाऱ्या मुलामुलींना मी हेच पहिल्या दिवशी सांगते, आणि तेच इथे सविस्तर लिहिते आहे. पुण्यात हे काम करताना उरुळी देवाची आणि फुरसुंगी डोळ्यांसमोरून हलत नाही. या गावांतल्या लोकांनी शहराच्या कचरा डेपोमुळे विहिरींचं पाणी गमावलं. आपल्याखाली बेसाल्ट आहे आणि पाणी त्याच्या भेगांतून, सांध्यांतून वाट काढतं. लिचेट, म्हणजे कचऱ्यातून पाझरणारं ते काळपट, उग्र वासाचं पाणी, एकदा त्या भेगांत शिरलं की परत काढता येत नाही. त्याच्या आणि गावाच्या विहिरीच्या मध्ये ही दीड मिलिमीटरची शीट आणि तिच्याखालची माती एवढंच असतं. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घातलेली किमान अटही तीच होती: १.५ मिमी एचडीपीई आणि तिच्याखाली ९० सेंटिमीटर चिकणमातीचा थर, ज्यातून पाणी सेकंदाला १०⁻⁷ सेंटिमीटरपेक्षा जास्त वेगाने झिरपू नये.

पहिली पायरी: उष्णतेने शीटचं काय होतं ते समजून घ्या

एचडीपीईमध्ये लांबच लांब रेणूंच्या साखळ्या असतात. काही ठिकाणी त्या घड्या घालून नीट रचल्यासारख्या बसतात, हा स्फटिक भाग. मध्ये मध्ये त्या गुंतलेल्या, मोकळ्या असतात, हा मऊ भाग. तिळाची वडी आठवा. तीळ टणक आणि त्यांना धरून ठेवणारा पाक. थापताना, गरम असताना ती वडी वाकते. गार झाली की कट्कन मोडते. शीटमध्येही मधला मऊ भाग आधी सैल होतो. स्फटिक वितळायला १२५-१३० अंश लागतात, तिथपर्यंत साइटवरची शीट जात नाही. पण ताकद कमी होण्यासाठी वितळावंच लागतं असं नाही.

यील्ड म्हणजे तो बिंदू, ज्याच्यापुढे ताणलेली शीट मूळ लांबीवर परत येत नाही. तापमान वाढतं तसा हा बिंदू खाली येतो. साठ अंशांना यील्डची ताकद २३ अंशांच्या मानाने साधारण निम्म्यावर आलेली असते. कडकपणाही तसाच उतरतो. ताणली जाण्याची क्षमता मात्र वाढते, आणि नवखा माणूस इथेच फसतो. गरम शीट हाताला मऊ, लवचीक लागते, म्हणून ती जास्त सोसेल असं वाटतं. खरं तर त्या वेळी खालचा अणकुचीदार खडा तिच्यात सहज रुततो आणि चाक वळलं की ती कायमची ताणली जाते. संध्याकाळी गार झाल्यावर वरून काही दिसतही नाही.

हे झालं तात्पुरतं. गार झाली की ताकद परत येते. उष्णतेचा दुसरा परिणाम वर्षानुवर्षं चालतो आणि तो परत फिरत नाही. त्याच्याकडे शेवटी येऊ.

दुसरी पायरी: शीटचं तापमान मोजा, हवेचं नव्हे

शिवाजीनगरचं तापमान पेपरात ३९ छापलं, म्हणून शीटही ३९ ला आहे असं धरू नका. काळी शीट ऊन पिते. हवा ३५-३८ असताना ती साठ-सत्तरला सहज जाते. ढग आला की दहा मिनिटांत बरीच उतरते, वारा सुटला की आणखी.

इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, औद्योगिक वापराचा. कोविडच्या काळात कपाळासमोर धरायचे तो नको, तो चाळिशीच्या पुढे थोड्याच अंशांत हात टेकतो. शीटच्या जवळ जाऊन, काटकोनात धरा, लांबून तिरपा मारलेला आकडा भरवशाचा नसतो. तीन-चार ठिकाणी मोजा: सपाट तळ, उतारावरची पूर्वेची बाजू, पश्चिमेची बाजू, सावलीतला रोल. सकाळी नऊला पूर्वेकडे तोंड असलेला उतार तळापेक्षा आधी तापतो, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही. दर दोन तासांनी हा आकडा वहीत लिहायचा. वही म्हणजे वहीच, फोन उन्हात बंद पडतो.

तिसरी पायरी: अंथरण्याची वेळ ठरवा

एचडीपीई उष्णतेने भरपूर पसरतं. एक अंश वाढला की मीटरमागे साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर. ऐकायला क्षुल्लक वाटतं, म्हणून आकडेमोड करून बघा. शंभर मीटरचा पॅनल, म्हणजे रोलमधून उलगडलेली शीटची एक सलग पट्टी, पहाटे १५ अंशांना अंथरला आणि दुपारी तो ६५ ला गेला. पन्नास अंशांचा फरक. लांबी वाढली पाऊण मीटर ते एक मीटर! ही जादा शीट जाणार कुठे? कडा अँकर ट्रेंचमध्ये, म्हणजे काठावरच्या चरात, दाबलेल्या, मध्ये शेजारच्या पॅनलशी वेल्ड झालेला. मग ती उठते. भिंतीला पोट यावं तशी जागोजागी फुगते आणि घोट्याएवढ्या उंच सुरकुत्या पडतात.

सुरकुती फक्त दिसायला वाईट म्हणून सोडून देऊ नका. शीट खालच्या मातीला घट्ट चिकटून बसलेली असेल तर बारीक छिद्र पडलं तरी गळती थोडी होते, कारण माती लगेच पाणी अडवते. छिद्र सुरकुतीवर पडलं की पाणी त्या पोकळीत शिरतं आणि सुरकुतीच्या अख्ख्या लांबीभर मातीवर पसरतं. वर कचरा टाकला की सुरकुती सपाट होईल ही समजूतही चुकीची. ती वरून दाबली जाते, बाजूंनी आवळली जाते, पण बरीचशी तशीच राहते, आणि तिच्या माथ्यावरच्या वाकात कायमचा ताण बसतो.

उलटही होतं. दुपारी तापलेली, पसरलेली शीट ताणून अँकर केली, आणि रात्री पारा दहा-बारावर आला. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या बाहेर हे नेहमीचं आहे. आता शीट आखडते. उताराच्या पायथ्याशी, जिथे तळ आणि उतार मिळतात, तिथे ती जमीन सोडून वर उचलली जाते, ढोलाच्या पानासारखी ताठ. सकाळी तिथे पायाने दाबून पाहा, खाली पोकळी लागते. त्या पोकळीवर दगडगोट्यांचा ड्रेनेज थर पडला की शीट तिथेच ताणली जाणार.

म्हणून उन्हाळ्यात अंथरण्याचं काम तांबडं फुटायच्या आत सुरू करा आणि दहा-साडेदहापर्यंत आवरा. थोडी ढील ठेवा. किती, ते तुमच्या भागातल्या दिवस-रात्रीच्या फरकावर ठरवायचं, आणि त्यासाठीच ती वही. सपाट तळावर सकाळी शीट जमिनीला टेकलेली हवी, पायथ्याशी पोकळी नको, आणि दुपारच्या सुरकुत्या आडव्या होऊन एकमेकींवर पडता कामा नयेत. अंथरलेल्या शीटवर वाळूच्या गोण्या ठेवायच्या, वाऱ्यासाठी. मे महिन्यातली वावटळ अख्खा पॅनल उचलून नेते.

वरचा थरही पहाटेच टाका. शीट गार, सपाट, मातीला टेकलेली असताना तिच्यावर जिओटेक्स्टाइल (जाड संरक्षक कापड) आणि ड्रेनेजचा थर गेला, तर सुरकुत्या मुळात कमीच अडकतात. कामगारांना पहाटे चारला बोलावणं सोपं नाही. त्यांच्या चहापाण्याची, दुपारच्या विश्रांतीची सोय आधी करा, मग वेळेचा आग्रह धरा.

पांढऱ्या वरच्या पृष्ठाची शीटही मिळते. ऊन परतवते, बरीच कमी तापते, ओरखडा पडला की आतला काळा थर चटकन दिसतो. महाग पडते, पण उघड्यावर बराच काळ राहणार असेल तर मी तिच्याच बाजूने बोलेन.

चौथी पायरी: वेल्डिंग

इथे जरा थांबून वाचा, कारण लायनर फाटतो तो बहुधा शीटच्या मध्ये नाही, वेल्डच्या कडेला.

दोन पॅनल दहा-पंधरा सेंटिमीटर एकमेकांवर घेतात. मधून तापलेली धातूची पाचर जाते, साधारण चारशे अंशांची, आणि मागचे रोलर दोन्ही शीट दाबून एक करतात. दोन समांतर पट्ट्या पडतात, मध्ये हवेची नळी राहते. पाचरेचं तापमान, मशिनचा वेग आणि रोलरचा दाब या तिघांचं गणित जमवावं लागतं. शीट आधीच साठ अंशांवर असेल तर पहाटेच्या सेटिंगने ती जास्त वितळते, कडेला पातळ होते, वितळलेला ओघळ बाहेर येतो. तिथे जाडी कमी, आणि पुढे तडा तिथूनच सुरू होतो. उलट पहाटे दवाने ओल्या शीटवर वेल्ड केला तर वाफ अडकते. हवा ४० अंशांच्या वर गेली की वेल्डिंग थांबवा, अशी अट बहुतेक कंत्राटांत असते. नसेल तर घालून घ्या.

म्हणून ट्रायल वेल्ड, म्हणजे खऱ्या वेल्डआधी शीटच्या तुकड्यांवर करून बघायचा वेल्ड. प्रत्येक मशिनचा, प्रत्येक ऑपरेटरचा, शिफ्टच्या सुरुवातीला आणि मग चार-पाच तासांनी पुन्हा. मी यात आणखी एक जोडते: शीटचं तापमान मागच्या ट्रायलपेक्षा पंधरा अंशांनी बदललं की वेळ झाली नसली तरी नवा ट्रायल. तो नेमक्या त्याच उन्हात, त्याच उतारावर करायचा. कंटेनरच्या सावलीत केलेल्या ट्रायलवरून उन्हातल्या वेल्डचं काहीच कळत नाही.

ट्रायलमधून इंचभर रुंदीच्या पट्ट्या कापून ओढायच्या. शिअरमध्ये, म्हणजे दोन्ही टोकं विरुद्ध दिशांना खेचून, १.५ मिमी शीटला मिलिमीटरमागे २१ न्यूटन यायला हवेत. पीलमध्ये, म्हणजे केळं सोलल्यासारखं वेल्ड उकलायला बघून, १५.९. पाचपैकी चार पट्ट्या पास हव्यात आणि पाचवीनेही किमान ८० टक्के गाठायला हवेत. पण आकड्याइतकंच, किंवा जास्तच, तुटण्याची जागा बघा. चांगल्या वेल्डमध्ये शीट फाटते, वेल्ड उकलत नाही. पट्टी उकलून आतली गुळगुळीत, चकचकीत जागा दिसली, तर आकडा कितीही येवो, तो वेल्ड नापास.

एक घडलेली गोष्ट सांगते. एका साइटवर ऊन मी म्हणत होतं. दुपारी बाराच्या ट्रायलमध्ये शिअरचा आकडा १९ वर अडकला. ऑपरेटरने पाचरेचं तापमान वाढवलं, पुन्हा १९. अजून वाढवलं, तर आता वेल्डची कड जळाल्यासारखी चकाकायला लागली आणि आकडा आणखी खाली. सगळे वेल्डिंगच्या मशिनकडे बघत होते. मी सहज म्हणून टेन्सिओमीटरमधल्या, म्हणजे पट्ट्या ओढायच्या मशिनमधल्या, पट्टीवर थर्मामीटर धरला: ४८ अंश. पट्ट्या कापून उन्हातल्याच पत्र्यावर ठेवल्या होत्या, तिथून थेट ओढायला घेत होते. पहिल्या सेटिंगच्या उरलेल्या पट्ट्या बादलीतल्या पाण्यात वीस मिनिटं बुडवल्या, पुसल्या, सावलीत ओढल्या. पाचही पास झाल्या, शीट फाटून. वेल्डमध्ये दोष नव्हताच. आम्ही २३ अंशांचा निकष ४८ अंशांच्या पट्टीला लावत होतो. तोवर वाढवलेल्या सेटिंगवर तेरा मीटर वेल्ड होऊन गेला होता. तो कापून काढला, शीटची नवी पट्टी लावून पुन्हा जोडला. तेव्हापासून टेन्सिओमीटरशेजारी पाण्याची बादली आणि वर ताडपत्री असल्याशिवाय मी टेस्ट सुरू करू देत नाही.

वेल्ड झाला की मधल्या नळीत हवा भरून पाच मिनिटं दाब बघतात, साधारण २०० किलोपास्कलला. इथेही उन्हाचा खेळ आहे. भरल्यावर ढग आला तर आतली हवा गार होऊन दाब थोडा पडतो, आणि गळती नसताना गळती वाटते. कडक उन्हात हवा तापून खरी बारीक गळती झाकलीही जाऊ शकते. ही टेस्ट सकाळी किंवा संध्याकाळी करा. संपल्यावर दुसऱ्या टोकाला नळी कापून हवा सुटते का ते ऐका. नाही सुटली तर मध्ये कुठेतरी नळी बंद आहे आणि पुढच्या भागाची टेस्ट झालेलीच नाही.

वेल्डशेजारी पेंट मार्करने तारीख, वेळ, मशिन नंबर, पाचरेचं तापमान, वेग, ऑपरेटरची खूण हे सगळं लिहायचं. त्यात शीटचं तापमानही लिहा. ही सवय फार कमी जणांना असते.

पाचवी पायरी: गाड्या आणि पाय

शीट पन्नासच्या वर असताना तिच्यावर कुठलीही गाडी नको. फोर्कलिफ्ट तर कधीच नको. खालचा मुरूम रोलरने सपाट करून खडे हाताने वेचा, आणि काळी माती वापरली असेल तर तिच्या भेगांकडे लक्ष द्या. शीट अंथरून महिनाभर उघडी ठेवली की उष्णतेने खालची माती सुकते. काळ्या मातीला सुकल्यावर भेगा पडतात हे शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. शीट वरून धडधाकट दिसते आणि ९० सेंटिमीटरचा दुसरा पहारेकरी खाली तडकलेला असतो. अंथरल्यावर लवकरात लवकर झाका.

सहावी पायरी: झाकल्यानंतरची उष्णता

कचरा स्वतः तापतो. ओला कचरा कुजताना जिवाणू उष्णता सोडतात, आणि आपल्या कचऱ्यात ओला भाग भरपूर. आतला भाग पन्नास-साठपर्यंत जाऊ शकतो, तळाशी लायनरपाशी ३०-४० अंश नेहमीचे. टोरांटोजवळच्या कील व्हॅली लँडफिलमध्ये लायनरपाशी वर्षानुवर्षं मोजमाप झालं, आणि थंड जमिनीवरचा तो लायनर दोन दशकांत ३५ अंशांच्या घरात पोचला. आपली जमीन खोलवर बाराही महिने २५ अंशांच्या आसपास असते. म्हणजे आपला लायनर सुरुवातच तिथल्यापेक्षा पंधराएक अंश वरून करतो. थंड देशांची आयुर्मानाची गणितं जशीच्या तशी इथे लावायला माझा म्हणूनच विरोध आहे.

शीटमध्ये ऑक्सिजनपासून वाचवणारी रसायनं मिसळलेली असतात, अँटिऑक्सिडंट. आधी ती हळूहळू संपतात, मग काही काळ काहीच होत नाही, आणि मग प्लास्टिकच्या साखळ्या तुटायला लागून शीट ठिसूळ होते. हा सगळा प्रवास तापमानावर चालतो. अमेरिकेतल्या जिओसिंथेटिक इन्स्टिट्यूटच्या कोअर्नर, श्वान आणि सहकाऱ्यांनी जास्त तापमानाच्या प्रयोगांवरून झाकलेल्या १.५ मिमी एचडीपीईचं अर्धआयुष्य काढलं आहे: २० अंशांना ४४६ वर्षं, ३० ला १६६, ४० ला ६९. अर्धआयुष्य म्हणजे गुणधर्म निम्म्यावर येण्याचा काळ, त्या दिवशी शीट फाटते असं नाही. पण वीस अंशांत ४४६ वरून ६९ ही घसरण नीट डोक्यात बसू द्या.

त्यात तडे जाण्याचा प्रकार वेगळा. यील्डच्या खूप खालचा ताणही सतत राहिला तर शीटला हळूहळू तडा जातो, आणि उष्णता व साबणासारखे पदार्थ त्याला घाई करतात. म्हणूनच त्याची टेस्ट ५० अंशांच्या डिटर्जंटच्या द्रावणात, यील्डच्या ३० टक्के ताणावर करतात. चांगल्या शीटने ५०० तास काढायला हवेत. तिसऱ्या पायरीतली सुरकुती, पायथ्याची पोकळी आणि चौथीतली जळलेली कड या तिन्ही जागा नेमक्या अशा कायम ताणाच्या. अंथरतानाची घाई इथे, तीस वर्षांनी, वसूल होते.

लँडफिल चालवताना करायचं ते असं. ओला कचरा आधीच वेगळा काढा, तळाशी पोचूच देऊ नका. लिचेट उपसत राहा, साचलेलं लिचेट उष्णता तळाशी नेऊन पोचवतं. भट्टीतली राख किंवा चुन्याने घट्ट केलेला औद्योगिक कचरा ओला झाल्यावर स्वतः तापतो, तो पहिल्या थरांत, लायनरजवळ नको. धुमसता कचरा तर आत घ्यायचाच नाही. उन्हाळ्यात डेपोला लागणाऱ्या आगी आपल्या शहराने पुष्कळ पाहिल्या आहेत. वरून विझलेली आग आत आठवडेच्या आठवडे धुमसते. अमेरिकेत मिसुरीतल्या ब्रिजटन लँडफिलमध्ये २०१० मध्ये लक्षात आलेली खोलवरची उष्ण प्रक्रिया वर्षानुवर्षं चालली.

लायनरवर, ड्रेनेज थराखाली, तापमानाचे सेन्सर बसवून घ्या. आठ-दहा पुरतात. तळाच्या मध्यावर, लिचेट साचण्याच्या सखल जागी, उताराच्या पायथ्याशी. केबल जाड पाइपमधून वर काढा आणि दर महिन्याला वाचा. एखाद्या सेन्सरवर आकडा ४० ओलांडून चढतच राहिला तर त्या भागात लिचेटची पातळी आधी तपासा.

शेवटचं एक काम काम सुरू असतानाच करून ठेवावं लागतं. प्रत्येक रोलमधून फूटभर लांबीचा तुकडा कापा. रोल नंबर आणि तारीख मार्करने नको, कोरून लिहा, कारण मार्कर उडतो. काळ्या पिशवीत घालून थंड खोलीतल्या कपाटात ठेवा. अशाच तुकड्यांचा दुसरा संच लिचेटच्या सम्पमध्ये, म्हणजे ते जमा होतं त्या खड्ड्यात, दोरीला बांधून सोडा. दहा वर्षांनी कुणी येऊन दोन्हींची अँटिऑक्सिडंटची टेस्ट शेजारी शेजारी केली, तर खालच्या शीटचं आयुष्य किती सरलं ते ती उकरून न काढता त्याला कळेल. कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने यादी चिकटवा, आणि किल्ली कुणाकडे आहे ते साइटच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.